पहिलं पॉलिशिंग मशीन: देवगडात ९ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर घेतलेलं गाडी पॉलिश करायचं मशीन, आता श्रावण लागलाय, म्हणजे ९ महिने झाले. घेतल्या घेतल्या लिहिणार होतो पण म्हटलं एक पावसाळा वरून जाऊ दे, आपल्याकडे कुठलंही यंत्र टिकतं की नाही ते पावसाळ्यातच कळतं.

गाडी काळी हॅचबॅक, ६ वर्षं जुनी. घर समुद्रापासून दीडेक किलोमीटर आणि गाडी उभी असते खळ्यात, कलमाखाली. ज्यांची गाडी अशी उभी असते त्यांना वेगळं सांगायला नको, खारा वारा, मे महिन्यात जांभ्याची लाल धूळ, चीक, कावळ्यांची शीट, सगळं त्याच बॉनेटवर. सावलीत गाडी बरी दिसायची, पण ऊन पडलं की अख्ख्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे. यांना स्वर्ल म्हणतात, आणि काळ्या रंगावर ते सगळ्यात जास्त दिसतात.

मशीन निवडताना दोनच मुख्य प्रकार समोर येतात, रोटरी आणि डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन. रोटरी स्वस्त असतं आणि कापतंही जोरात, म्हणून नवीन माणसाचा हात तिकडेच जातो. माझाही जात होता. गावात फॅब्रिकेशनवाला मित्र आहे, तो तर म्हणाला मशीन कशाला घेतोस, माझा ग्राइंडर ने आणि त्याला लोकरीचं पॅड लाव. हे मात्र कृपा करून कोणी करू नका. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे मारतो आणि रोटरी पॉलिशर लोक चालवतात हजार-दीड हजारावर. गाडीच्या रंगावरचा जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा पातळ. तो एकदा गेला की पॉलिशने परत येत नाही, सरळ पेंटिंग.

रोटरी एकाच जागी गोल फिरतं, त्यामुळे हात जरा थांबला की तिथेच उष्णता साठते, आणि कडेवर तर थर मुळातच पातळ असतो. डीएमध्ये पॅड फिरतं पण आणि डगमगतं पण, शिवाय जास्त दाबलं की फिरायचं थांबतं. नवीन माणसासाठी हीच खरी सोय आहे, चूक झाली तर मशीन स्वतःच ढिलं पडतं. म्हणून पहिलं मशीन डीएच घ्या यावर मी ९ महिन्यांनी पण ठाम आहे. हात बसलेला माणूस रोटरीने सुंदर काम करतो, मी बघितलंय, पण तो हात आपल्या एकुलत्या एक गाडीवर शिकू नये.

आता थ्रो. मशीनवर ८, १५, २१ असे मिलिमीटरचे आकडे असतात, पॅड केवढ्या घेरात डगमगतं ते. २१ वालं सपाट मोठ्या पॅनलवर भराभर उरकतं, पण छोट्या गाडीच्या वळणांवर अडतं. मी १५ घेतलं, ५ इंची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची चकती), साडेसहा हजाराला पडलं. आज परत घ्यायचं झालं तर ८-९ चा पण नीट विचार करीन, कारण माझ्या गाडीच्या दारांना वळणंच जास्त आहेत आणि तिथे १५ वाल्याचं पॅड सारखं थांबत होतं. पहिले दोन दिवस मला हे कळलंच नाही! मशीन घुर्र घुर्र आवाज करतंय, हाताला झिणझिण्या येतायत, आणि दारावरचे ओरखडे जसेच्या तसे. मग प्लेटच्या कडेला काळ्या मार्करने एक जाड रेघ मारली. रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतंय, एका जागी थरथरताना दिसली तर नुसतं हलतंय, काम शून्य. रेघ बघत बघत मशीन सपाट धरायला शिकलो, जरा तिरकं झालं की रेघ लगेच मंदावते. दोन रुपयांची रेघ, पण माझं अर्धं शिक्षण तिनेच केलं.

बाकी पद्धत सांगतो. एका वेळी दीड-दोन फुटांचाच चौकोन घ्यायचा, पॅडवर कंपाउंडचे, म्हणजे ओरखडे घासून काढणाऱ्या पेस्टचे, वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, आधी बंद मशीनने टेकवून पसरवायचे, मग वेगाच्या १-२ नंबरवर फिरवायचं आणि मग ४-५ वर, आडवं उभं आडवं उभं, अगदी सावकाश. घाई केली की काहीच होत नाही. उन्हात अजिबात नको, पत्रा तापला की कंपाउंड सुकून पीठ उडतं. मी सकाळी साडेसहाला पडवीत सुरू करतो आणि ऊन चढलं की बंद. आणि अख्ख्या गाडीला हात लावायच्या आधी एका कोपऱ्यात करून बघा, आधी मऊ पॅड आणि हलकं पॉलिश, त्याने भागत असेल तर कडक वापरायचंच नाही. नखाला अडकणारा ओरखडा पूर्ण काढायच्या मागे लागू नका. माझ्या बॉनेटवर चिकाचे दोन डाग थरात खोल उतरलेत, ते मी तसेच ठेवलेत.

माझी चूक पण सांगतो. टेप लावायचा कंटाळा केला, आणि खिडकीखालच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर कंपाउंड उडून पांढरं सुकलं, टूथब्रशने घासून घासून दोन संध्याकाळी गेल्या. ४० रुपयांची मास्किंग टेप आणली असती तर वाचलो असतो. दुसरं म्हणजे पॅड. मी दोनच आणली होती. एक पॅड दोन-तीन पॅनलमध्ये ओलंगच्च होतं, मग ते कापत नाही आणि गरम होतं, माझ्या एकाचं वेल्क्रो त्यानेच सुटलं. गाडीला निदान पाच-सहा पॅड धरा. मशीनवरचे हजार वाचवून पॅडवर घाला हे मी कोणालाही सांगीन.

पण खरं काम मशीनच्या आधीच असतं. नीट धुवायची, मग आयर्न रिमूव्हर मारायचा, ब्रेकमधून उडून रंगात रुतलेले लोखंडाचे कण जांभळे होऊन ओघळतात, पांढऱ्या गाडीवर तर बघण्यासारखं असतं. मग हायवेवरचे डांबराचे ठिपके, मग क्ले, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी. क्ले फिरवायच्या आधी हातावर प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवून बघा, कणी कणी हाताला लागते. ती कणी तशीच ठेवून मशीन फिरवलं तर आपणच नवे ओरखडे पाडतो. धुवायला आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते अंगावर सुकलं की पांढरे डाग, म्हणून शेवटची बादली नळाच्या पाण्याची आणि लगेच पुसायची.

आता जे मला सगळ्यात लागलं ते. डिसेंबरात गाडी आरशासारखी झाली होती, फेब्रुवारीत बघतो तर जाळं परत! मशीनला दोष देत बसलो, कंपाउंडला दिला. मग एकदा सकाळी लवकर उठलो तर बाबा नेहमीप्रमाणे कोरडा फडका मारतायत, गोल गोल, लाल धुळीवरून. माझ्यासाठीच पुसत होते, मी कामावर जायच्या आधी गाडी स्वच्छ असावी म्हणून. म्हटलं, "बाबानू, कोरडो फडको मारू नकात." तर म्हणाले, "मगे धूळ काय तशीच ठेवतलस?" त्यांना उन्हात नेऊन बॉनेट दाखवलं, मी केलेला भाग आणि त्यांच्या हाताखालचा भाग. बराच वेळ बघत राहिले. आता ते पाइपने पाणी मारून धूळ उतरवतात आणि मग ओला मायक्रोफायबर, आणि माझ्यापेक्षा जास्त काळजीने करतात. दर दोन महिन्यांनी पॉलिश करणं हा उपाय नव्हेच, प्रत्येक वेळी थोडा थर जातो.

पावसाळ्यात मशीन झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवलं, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. तरी प्लेटच्या स्क्रूला गंज धरलाच, मशीन तेलाचा थेंब लावून ठेवलाय. फोम पॅड धुतल्यावर आठवडा आठवडा वाळेनात, एकाला बुरशीचा वास आला, टाकून दिलं. आता पावसात पॅड धुतलं की मशीनवर लावून रिकाम्या बादलीत फिरवून पाणी झाडतो आणि पंख्याखाली ठेवतो. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मशीनचा जोर सरळ कमी होतो, आणि लांब बारीक एक्स्टेन्शन असेल तर आणखीनच. माझी वायर जाड आहे, खांद्यावरून मागे टाकायची म्हणजे रंगावर घासत नाही.

या ९ महिन्यांत माझी गाडी दोनदा, दाजींची पांढरी एकदा आणि शेजारच्या काकांच्या रिक्षाची पुढची काच. मोटरमधले कार्बन ब्रश अजून मूळचेच आहेत, जोडी आणून ठेवलीय. आता गणपतीला मुंबईहून चुलत भाऊ येतोय, त्याची गाडी गडद निळी आहे आणि त्याने आत्ताच सांगून ठेवलंय. पिलर (काचांमधले खांब) आणि आरशाच्या मागे जायला ३ इंची प्लेट मागवलीय, ती चतुर्थीच्या आधी पोचली तर त्याच्यावरच वापरून बघतो.