थांबवणाऱ्या ॲपला अंगठा सरावला

चार महिने वापरून लिहितेय. या ॲपचं काम एवढंच: आपण नेमून दिलेलं ॲप उघडायला गेलं की पडदा राखाडी होतो, दहापासून उलटी मोजणी होते आणि मग विचारलं जातं, ‘उघडायचंय?’ मी ते बातम्यांवर लावलं.

पहिला आठवडा लाज वाटावी असा गेला. मी भाषांतरं करते. शब्द अडला की फोन हातात. अडलाय हे कळायच्याही आधी. राखाडी पडदा आला की आपण इथे कशाला आलो तेच आठवेना. बऱ्याचदा ‘नाही’ दाबून गुपचूप कामाला लागायचे.

तिसऱ्या आठवड्यात अंगठा हेही शिकला. फोन खाली ठेवायचा, खिडकीबाहेर बघायचं, मग उजव्या कोपऱ्यातलं ‘हो’. प्रश्न वाचणं केव्हाच बंद झालं होतं. श्नायडर आणि शिफ्रिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली अक्षरं शोधायच्या प्रयोगांत हेच दाखवलं होतं. शोधायची अक्षरं कायम तीच ठेवली, तर सरावाने ती आपोआप सापडू लागतात. पण आत्ता शोधायचं अक्षर पुढच्या फेरीत टाळायचं असेल, तर कितीही सराव करा, दर वेळी लक्ष घालावंच लागतं. या ॲपचा पडदा, मोजणी, बटण, सगळं रोज तेच. सवय मोडायला आलेल्या ॲपचीच सवय झाली.

सेटिंग्जमध्ये आणखी दोन अडथळे सापडले. एक रंगांचा: ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत, आणि शब्द न वाचता रंग सांगायचा. ही मानसशास्त्रज्ञ स्ट्रूपची १९३५ सालची चाचणी. वाचता येणाऱ्याला न वाचणं जमत नाही, म्हणून अडखळायला होतं. मी डोळे किलकिले करून अक्षरं धूसर केली आणि सुटले. (पळवाटा शोधताना माझी बुद्धी भलतीच जागी असते.)

दुसरा गुणाकाराचा, दर वेळी नवा. १७ गुणिले २४. इथे अंगठ्याचं काही चालत नाही. ४०८ येईपर्यंत बातम्यांची हौस फिटलेली असते. तेवढ्यासाठी मी ॲप ठेवलंय.

तक्रार आहेच. खरोखर काही बघायचं असतं तेव्हाही गुणाकार सुटत नाही. आणि कॅल्क्युलेटर त्याच फोनमध्ये आहे.

पाचपैकी तीन तारे. ‘हो’ची जागा दर वेळी बदलली, तर चौथा देईन.