व्हीपीएस३४ रोखण्यासाठी थ्री-मिथाइलॲडेनाइन की सार४०५?

ऑटोफॅजीची, म्हणजे पेशीने स्वतःचेच घटक पचवण्याच्या प्रक्रियेची, सुरुवातच थांबवायची, तर त्यासाठी लागणाऱ्या व्हीपीएस३४ या किनेजविरुद्ध (फॉस्फेट जोडणाऱ्या विकराविरुद्ध) कोणते रसायन घ्यावे, असा प्रश्न पुण्यातील एका संशोधक विद्यार्थिनीला पडला आहे. मात्रेतील तफावत मोठी आहे: मिथाइलॲडेनाइन ५ ते १० मिलिमोलर लागते, सार४०५ मात्र साधारण १ मायक्रोमोलरला पुरते. निवडकपणा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मिथाइलॲडेनाइन व्हीपीएस३४च्याच कुटुंबातील पहिल्या वर्गाचे पीआय३-किनेजही अडवते आणि पोषक माध्यमात ते दीर्घकाळ ठेवल्यास ऑटोफॅजी उलट वाढू शकते. हे न तपासता काढलेले निष्कर्ष फसवे ठरतात. अर्थात व्हीपीएस३४ एंडोसोमच्या (पेशीने आत घेतलेला माल वाहणाऱ्या पिशव्यांच्या) वाहतुकीतही लागत असल्याने सार४०५चा परिणामही केवळ ऑटोफॅजीपुरता राहत नाही. उपाशी ठेवलेल्या पेशींवरील अल्पकालीन चाचणी जुन्या निष्कर्षांशी ताडायची असल्यास मिथाइलॲडेनाइन चालेल. दीर्घ प्रयोगासाठी आणि नेमकी व्हीपीएस३४ या प्रथिनाचीच भूमिका दाखवण्यासाठी सार४०५च घ्यावे.