सिटी हायब्रीड: मागच्या वर्षीचं मॉडेल घ्यावं की यंदाचं? तीन पिढ्या वापरून झाल्यावर

एकाच नावाच्या हायब्रीड (रोड आणि माउंटन बाईकच्या मधल्या) सायकलच्या तीन पिढ्यांबद्दल हे लिहितोय. पहिली २०१९ची, पुढे तीन चेनरिंग (पेडलजवळच्या दातेरी चकत्या), मागे आठ गिअर आणि व्ही-ब्रेक (चाकाच्या रिमवर पॅड दाबणारे). दुसरी २०२२ची, २×९ (पुढे दोन, मागे नऊ) आणि हायड्रॉलिक डिस्क (तेलाच्या दाबानं चालणारे चकतीचे ब्रेक). तिसरी २०२४ची, पुढे एकच चेनरिंग आणि मागे क्यूज १० स्पीड, म्हणजे सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीची नवी गिअर-मालिका. वापर पुण्यातला: कोथरूड ते हिंजवडी, म्हणजे चांदणी चौकाचा चढ, पुढे हायवेच्या सर्व्हिस रोडवरचे खड्डे, आणि अख्खा पावसाळा. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. भाग बहुतेक सगळ्यांचे शिमानोचेच असतात आणि बदलही थोड्याफार फरकानं सगळीकडे तेच झाले आहेत.

आधी 'मॉडेल इयर' या आकड्याबद्दल. २०२३चं मॉडेल म्हणजे २०२३ मध्ये बनलेली सायकल असं नसतं. पुढच्या वर्षाचं मॉडेल बहुधा आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच बाजारात येतं, आपल्याकडे दुकानात लागेपर्यंत आणखी काही महिने जातात. ट्रेकनं तर बऱ्याच मॉडेलांवर वर्षाऐवजी 'जेन ३', 'जेन ४' असे पिढीचे आकडे द्यायला सुरुवात केली आहे. माझ्या मते तेच जास्त प्रामाणिक आहे, कारण दोन पिढ्यांच्या मधल्या वर्षांत अनेकदा फक्त रंग बदललेला असतो. २०२१-२२ची गोष्ट वेगळी. कोविडनंतर सुट्या भागांची टंचाई होती, त्यामुळे जो ब्रेक, जो डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) हाती लागला तो बसवून सायकली निघाल्या. त्या काळातल्या सायकलीसाठी वेबसाइटवरचं स्पेसिफिकेशन प्रमाण धरू नका. समोर उभ्या असलेल्या सायकलीवर खाली वाकून प्रत्येक भागावरचा नंबर वाचा.

सायकल खरी कधीची आहे हे दोन ठिकाणी कळतं. खोक्यावरच्या एमआरपीच्या लेबलवर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना-वर्ष छापलेलं असतं, ते दाखवायला सांगा. दुसरं, शिमानोच्या बऱ्याच भागांवर, विशेषतः क्रँकच्या (पेडलच्या दांडीच्या) आतल्या बाजूला, दोन इंग्रजी अक्षरांचा छाप असतो. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. 'एस' म्हणजे २०२०, 'टी' २०२१, 'यू' २०२२, 'व्ही' २०२३. महिन्यांसाठी 'ए' म्हणजे जानेवारी ते 'एल' म्हणजे डिसेंबर. 'यंदाचा स्टॉक' म्हणून दाखवलेल्या सायकलीच्या क्रँकवर 'टी'नं सुरू होणारा छाप दिसला, तर किमतीची बोलणी तिथूनच सुरू करा. आणखी एक: सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या स्टॉकवरची छापील एमआरपी जुन्या कराची आहे. त्यावर दिलेली 'सवलत' मोजताना आधी हा फरक वजा करा.

आता गिअर, कारण पिढी बदलल्याचा सगळ्यात मोठा फरक तिथेच आहे. २०१९च्या सायकलला पुढे ४८/३८/२८ आणि मागे ११-३२ (हे चकत्यांवरच्या दात्यांचे आकडे). सगळ्यात हलका गिअर २८ भागिले ३२, म्हणजे ०.८८. २०२२च्या सायकलला पुढे ४६/३० आणि मागे ११-३६, हलका गिअर ०.८३. २०२४ला पुढे ४० आणि मागे ११-४८, तोही ०.८३. म्हणजे चढावर तिन्ही जवळपास सारख्याच; मिनिटाला ८० पेडल या गतीनं पहिली ताशी ९ किमीच्या जरा वर, बाकीच्या दोन पावणेनऊच्या आसपास चालतात. '२४ गिअर' ऐकून कुणी जास्त पैसे देत असेल तर हे गणित त्याला दाखवा. वरच्या टोकाला ४८/११ ताशी ४५ किमीपर्यंत जातो, ४०/११ अडतीसला संपतो. शहरात अडतीसच्या वर पेडल मारायची वेळ उतारावरच येते, आणि तिथे मारूही नयेत.

फरक पडतो तो मधल्या पायऱ्यांत. ११-३६च्या नऊ चकत्या ११-१३-१५-१७-२०-२३-२६-३०-३६ अशा आहेत, सपाट रस्त्यावर वाऱ्याविरुद्ध जाताना पायाला हवा तो गिअर नेमका सापडतो. ११-४८ मध्ये तेवढ्याच जागेत उड्या मोठ्या पडतात आणि पेडलची लय तुटते. त्याच्या बदल्यात पुढचा डिरेलर, त्याची केबल आणि डावा शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची कळ) ही तिन्ही डोकेदुखी जातात. पावसाळ्यात सगळ्यात आधी बिघडतो तो पुढचा डिरेलरच. चिखल थेट त्याच्यावर उडतो, पिव्हट (सांधा) जाम होतो आणि चेन छोट्या चेनरिंगवर उतरेनाशी होते. तीन चेनरिंगच्या सायकलवर हे वारंवार झालं, दोनच्या सायकलवर क्वचित.

क्यूजबद्दल नीट समजून घ्या. शिमानोनं मार्च २०२३ मध्ये ती जाहीर केली आणि आल्टस, असेरा, अलिव्हिओ या जुन्या मालिकांची जागा तिनं घ्यायची असं ठरवलं. तिची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) लिंकग्लाइड प्रकारची, दाते जाड. जुन्या हायपरग्लाइडच्या तिप्पट टिकते असा कंपनीचा दावा आहे. तिप्पट की दुप्पट हे सांगायला माझा वापर पुरेसा नाही, पण भर चढावर जोर न सोडता गिअर बदलला तरी खडखडाट होत नाही, हे पहिल्या आठवड्यातच जाणवतं. अडचण अशी की केबल ओढण्याचं माप बदललंय. जुन्या ९ किंवा १० स्पीडचा शिफ्टर क्यूजच्या डिरेलरला चालत नाही, कॅसेटही लिंकग्लाइडचीच लागते, आणि चेन ११ स्पीडच्या रुंदीची. साध्या ८-९ स्पीडची चेन आणि कॅसेट गल्लीतल्या दुकानातही मिळते. लिंकग्लाइडची मागवावी लागते. ज्यांची सायकल रोज ऑफिसला जाते आणि एक दिवसही उभी राहून चालत नाही, त्यांनी क्यूज घेतली तर एक चेन आणि एक हँगर (मागचा डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा) घरात ठेवावा.

स्वस्त मॉडेलात मात्र पिढीपेक्षा मोठा सापळा असतो. ७ स्पीडला मागे कॅसेट नसून हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी फिरवून बसणारा फ्रीव्हील असतो. त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग ॲक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) टोकापासून बरंच आत येतं, त्यामुळे खड्ड्यात आपटल्यावर ॲक्सल वाकतो किंवा तुटतो. तुमचं वजन ८० किलोच्या वर असेल किंवा कॅरिअरवर बॅग लागत असेल तर नवं-जुनं बघू नका, आधी कॅसेटवाला हब बघा.

ब्रेकचा निर्णय सोपा आहे. पुण्या-मुंबईच्या पावसात व्ही-ब्रेकचे पॅड रिममधली वाळू आणि ॲल्युमिनियमचे कण धरून ठेवतात आणि रिमच खातात. चालतात, स्वस्तात दुरुस्त होतात, पण ओल्या रिमवर पहिला एक फेरा नुसता पाणी पुसण्यात जातो. मधल्या काही वर्षांत 'डिस्क' म्हणून केबलवाले मेकॅनिकल डिस्क लावलेली मॉडेलं आली, ती टाळा. बहुतेकांत एकाच बाजूचा पॅड सरकतो, केबलच्या आवरणात पाणी शिरून गंज चढतो आणि दर थोड्या दिवसांनी स्क्रू पिळत बसावं लागतं. शिमानो एमटी२०० सारखा साधा हायड्रॉलिक ब्रेक असलेली दोन वर्षं जुनी सायकल मेकॅनिकल डिस्कच्या नव्या सायकलपेक्षा केव्हाही चांगली. या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं; मोटरसायकलचं डॉट ऑइल घातलं तर आतले सील फुगून बाद होतात. गॅरेजवाल्याला हे आधीच सांगा. स्वस्त रोटरवर (डिस्क ब्रेकच्या चकतीवर) बारीक अक्षरांत 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असतं. तिथे जास्त टिकतात म्हणून मेटल पॅड टाकले तर रोटर झिजून पातळ होतो. नवा रोटर १.८ मिमीचा, १.५ वर आला की बदलायचा. चेनला स्प्रे मारताना थेंब रोटरवर उडाला की ब्रेक किंचाळायला लागतो. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा, पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड बदलायचे.

दुकानात वर्ष-दोन वर्षं उभी असलेली सायकल घेताना एक दोष हमखास तपासा. ट्रिगर शिफ्टरमधलं ग्रीस सुकून चिकट होतं आणि आतला खटका दात पकडत नाही. दांडी दाबली की नुसती मोकळी फिरते, गिअर बदलतच नाही. दुकानदार 'शिफ्टर गेला' म्हणतात, बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. खालचं झाकण उघडून आत डिग्रीझर मारायचा, शंभरेक वेळा दांडी दाबायची, सुकू द्यायचं, मग हलकं तेल. टायरच्या बाजूंना बारीक भेगा आहेत का तेही बघा आणि असतील तर नवे टायर मागून घ्या.

टायरची रुंदी हा नव्या पिढीचा खरा फायदा. २०१९च्या फ्रेममध्ये ३५ मिमीच्या वर मडगार्डसह काही बसत नाही, २०२४च्या फ्रेममध्ये मडगार्ड लावूनही ४० बसतात. ७० किलोच्या माणसाला ४० मिमीमध्ये पुढे ४५ आणि मागे ५० पीएसआय हवा पुरते, आणि मग सस्पेन्शन फोर्कची (पुढच्या चाकाच्या स्प्रिंगवाल्या काट्याची) गरज राहत नाही. ५०-६० मिमीचे स्वस्त कॉइल फोर्क जड असतात आणि एका पावसाळ्यात सील गळून अडकायला लागतात. ज्या वर्षी कंपनीनं साधा फोर्क काढून सस्पेन्शन लावलं, ते वर्ष मी सोडून देईन.

कॅरिअर लावणार असाल तर मागचा डिस्क कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) कुठे आहे ते बघा. सीटस्टेच्या (सीटकडून मागच्या चाकाकडे येणाऱ्या नळीच्या) वर बाहेर असेल तर साध्या कॅरिअरचा पाय त्याला अडतो, डिस्कसाठीचं रुंद पायांचं कॅरिअर लागतं. नव्या पिढीत तो दोन नळ्यांच्या आतल्या कोनात गेला आणि हा प्रश्न मिटला. त्याच पिढीत केबल फ्रेमच्या आतून गेल्या, ते मात्र पचनी पडत नाही. बाहेरची केबल दहा मिनिटांत बदलते. आतली ओवायला अर्धा तास जातो आणि भोकांतून पावसाचं पाणी फ्रेममध्ये उतरतं.

साइज परत मोजा. जुन्या 'एम'ची रीच (पेडलपासून हँडलकडे फ्रेमची आडवी लांबी) आणि नव्या 'एम'ची रीच एक नसते. फ्रेम लांब करून स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा दांडा) आखूड केलेला असतो. स्टॅक (तीच उभी उंची) आणि रीच हे दोन आकडे समोरासमोर ठेवा, स्टेमची लांबी धरा, आणि दुसऱ्या वर्षाची सायकल चालवून पाहिली म्हणून या वर्षाची ऑर्डर करू नका.

फक्त रंग बदललेला असेल तर जुनं घ्या, १५ टक्के तरी कमी करून. मेकॅनिकलचा हायड्रॉलिक झाला असेल किंवा फ्रीव्हीलची कॅसेट झाली असेल तर नव्याचे पैसे द्या; नंतर बदलायला गेलं तर फरकापेक्षा जास्त खर्च येतो. पुण्यासारख्या गावात आज माझी पसंती मधल्या पिढीला, २×९ आणि हायड्रॉलिकला. ज्यांच्या रस्त्यात रोजचा लांब चढ आहे आणि जे सायकलची देखभाल कमी करतात त्यांनी क्यूज घ्यावी.

आणि कुठलंही वर्ष घ्या, बिलासोबत त्याच फ्रेमचा डिरेलर हँगर मागून घ्या. पार्किंगमध्ये सायकल उजवीकडे पडली की पहिला तोच वाकतो. त्याचा आकार फ्रेमप्रमाणे, म्हणजे पिढीप्रमाणे बदलतो, आणि जुन्या पिढीचा हँगर दोन वर्षांनी शोधायला गेलात तर दुकानदार कॅटलॉग उलटत बसतो. हँगर काढून त्याच्यावरचा नंबर फोनमध्ये टिपून ठेवा.