माजी नवऱ्याने करून ठेवलेलं युनिव्हर्सल क्रेडिटचं कर्ज: रिकन्सिडरेशन, वेव्हर की गुपचूप हप्ते?

वेगळं होऊन वर्ष उलटलेलं असतं, जरा कुठे घडी बसत असते आणि डीडब्ल्यूपीचं (ब्रिटनमधलं बेनिफिट देणारं सरकारी खातं) पत्र येतं की जॉइंट क्लेम (दोघांचा मिळून एक अर्ज) असताना तुम्हाला युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत) जास्त दिलं गेलं, ते परत करा. सेव्हिंग्ज लपवली त्याने, पैसे जमा व्हायचे त्याच्या अकाउंटला, आणि पाकिटावर नाव तुमचं. (बायकोने केलं असेल तरी नियम तेच, मी नवरा नवरा लिहितेय कारण जी केस जवळून बघितली ती मैत्रिणीची होती.) मी वकील नाहीये, पण तिच्याबरोबर बसून हे सगळं इतक्या वेळा वाचलंय की कुठला रस्ता कशासाठी आहे ते आता पक्कं कळलंय.

आधी कडू गोष्ट. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये जास्त गेलेले पैसे चूक कोणाचीही असो, वसूल करता येतात, अगदी ऑफिसची स्वतःची चूक असली तरी. आणि जॉइंट क्लेम म्हणजे दोघांपैकी कोणाकडूनही. त्यामुळे "माझा काय दोष" हे कितीही खरं असलं तरी अपिलात त्याचा उपयोग शून्य. मैत्रिणीने पहिलं पत्र चार पानी लिहिलं होतं, तो पासवर्ड कसे बदलायचा, बँकेची पत्रं गाडीच्या डिकीत कशी ठेवायचा, सगळं खरं, वाचून माझ्याच पोटात तुटलं. पण त्या चार पानांत आकडा चुकलाय असं सांगणारं एकही वाक्य नव्हतं, आणि ती ते मॅन्डेटरी रिकन्सिडरेशन (निर्णय पुन्हा तपासा अशी डीडब्ल्यूपीकडेच केलेली मागणी) म्हणून पाठवणार होती! म्हणजे नकार ठरलेलाच. तर सगळ्यात आधी स्वतःला विचारा, मला "हा आकडा चुकीचा आहे" म्हणायचंय की "आकडा असेल बरोबर, पण माझ्याकडून घेऊ नका" म्हणायचंय? पहिल्यासाठी रिकन्सिडरेशन, दुसऱ्यासाठी वेव्हर (वसुली माफ करा अशी विनंती).

रिकन्सिडरेशनला घड्याळ लावलेलं असतं. निर्णयाच्या तारखेपासून १ महिना, उशीर झाला तर सबळ कारण देऊन जास्तीत जास्त १३ महिन्यांपर्यंत मागता येतं, पण तेव्हा आधी उशिराचं कारण पटवत बसावं लागतं. इथे नाही म्हणाले तर पुढच्या १ महिन्यात ट्रायब्युनलकडे (अशी अपिलं ऐकणारं स्वतंत्र न्यायमंडळ) अपील करता येतं, त्याची फी नाही, आणि ट्रायब्युनल डीडब्ल्यूपीच्या हाताखालचं नाही. माझ्या मते हाच या रस्त्याचा सगळ्यात मोठा फायदा, की बाहेरचं कोणीतरी कागद बघतं.

आता आकडा चुकू कसा शकतो? लपवलेल्या सेव्हिंग्जच्या केसमध्ये एक नियम आहे जो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. सेव्हिंग्ज दोघांची मिळून धरतात, १६,००० पाउंडांच्या वर असली तर काहीच मिळत नाही, आणि ६,००० ते १६,००० मध्ये असली तर ६,००० च्या वरच्या दर २५० ला (शेवटचे २५० पुरे नसले तरी) महिन्याला ४.३५ पाउंड कापतात. पण जास्त दिलेली रक्कम काढताना दर ३ महिन्यांनी ती सेव्हिंग्ज त्या ३ महिन्यांत जास्त गेलेल्या रकमेने कमी झाली असं धरावं लागतं, कारण बेनिफिट मिळालं नसतं तर घर त्याच पैशावर चाललं असतं ना. समजा त्याच्याकडे १९,००० होते आणि क्लेम महिना ९५० चा, १२ महिने. सरळ गुणाकार ११,४००. पण ३ महिन्यांनी १९,००० चे १६,१५० धरायचे, ६ महिन्यांनी १३,३००, म्हणजे सातव्या महिन्यापासून तुम्ही पात्र आहात आणि जास्त गेलेत ते महिना फक्त १३०.५०, पुढच्या तिमाहीत आणखी कमी. बेरीज येते साधारण ६,४५७. निम्म्याला जवळ आलं की, आणि यात त्याच्याबद्दल एक वाईट शब्दसुद्धा लिहावा लागला नाही. म्हणून पत्रासोबत महिन्यावार हिशोब नसेल तर तो आधी मागून घ्या, आणि प्रत्येक असेसमेंट पिरियडचं (ज्या एका महिन्यावर हिशोब होतो तो) स्टेटमेंट शेजारी ठेवून पेन्सिलने टिकमार्क करत जा, कंटाळवाणं काम आहे पण करा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे तारीख. तो मार्चमध्ये बाहेर पडला आणि हिशोब जुलैपर्यंत कपल म्हणून धरला असेल तर ते ४ महिने भांडण्यासारखे आहेत. त्याचं नवीन भाडेकरार, तुमचं एकटीचं काउन्सिल टॅक्सचं (घरावरचा स्थानिक कर) २५ टक्के डिस्काउंट, सॉलिसिटरचं पत्र, जे हाताला लागेल ते.

वेव्हर म्हणजे कर्ज आहे हे मान्य, पण वसुली सोडा अशी विनंती. याला १ महिन्याची अट नाही, आणि इथे ती चार पानं कामाला येतात, फक्त एका पानात बसवा. बघतात काय, तर वसुलीने घरखर्चाचं आणि तब्येतीचं काय होईल, तुम्हाला त्या पैशाचा फायदा झाला का, कर्ज कसं तयार झालं. पैसे त्याच्या अकाउंटला गेल्याची स्टेटमेंट, जीपीचं (फॅमिली डॉक्टर) पत्र, पोलिसांत गेला असाल तर रेफरन्स नंबर, सपोर्ट वर्करचं पत्र, जमाखर्चाचा तक्ता. पैशावरून कोंडी करणं हासुद्धा घरगुती अत्याचारच आहे, २०२१ च्या डोमेस्टिक अब्यूज ॲक्टमध्ये तसं स्पष्ट आहे, तेव्हा तो शब्द वापरायला लाजू नका. तोटा मात्र मोठा, हे सगळं त्यांच्या मर्जीवर, अपवाद म्हणूनच देतात, आणि नकार आला तर ट्रायब्युनल नाही, थेट ज्युडिशियल रिव्ह्यू (निर्णय कायदेशीर आहे का याला कोर्टात आव्हान), जे एकटीच्या आवाक्यातलं काम नाही.

या दोन्हींच्या मधली एक साधी मागणी लोक विसरतात. वेगळं झाल्यावर जॉइंट क्लेमचं कर्ज सहसा निम्मं निम्मं करतात. तुमच्या पत्रात पूर्ण रक्कम असेल तर पहिलं तेच विचारा. घटस्फोटाच्या ऑर्डरमध्ये "सगळी कर्जं तो फेडेल" असं लिहून घेतलं असलं तरी डीडब्ल्यूपीला ते बांधील नाही, त्याच्याकडून वसूल करणं ही तुमची वेगळी लढाई.

हप्त्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. अजून युनिव्हर्सल क्रेडिटवर असाल तर एप्रिल २०२५ पासून कपातीची मर्यादा साधारणपणे स्टँडर्ड अलाउन्सच्या (युनिव्हर्सल क्रेडिटची मूळ रक्कम) १५ टक्के आहे, आधी २५ होती. नोकरीवर असाल आणि पत्रांना उत्तरच दिलं नाही तर कोर्टाशिवाय थेट पगारातून कापू शकतात, म्हणून गप्प बसणं सगळ्यात महाग. हप्ता जड असेल तर जमाखर्च दाखवून कमी करून मागता येतो.

मग निवडायचं काय? माझं मत विचाराल तर पत्राला १ महिना झाला नसेल तर आधी रिकन्सिडरेशन टाकाच, आकड्यावर आणि तारखांवर, ते संपेपर्यंत वसुली थांबवा अशी वेगळी ओळ घालून. वेव्हरचं पत्र नंतर, कमी झालेल्या रकमेवर. आकडा खरंच बरोबर निघाला तर वेळ न घालवता थेट वेव्हर. कर्ज जुन्या टॅक्स क्रेडिटचं (युनिव्हर्सल क्रेडिटच्या आधीची मदत) असेल तर खेळ वेगळा, ते ५ एप्रिल २०२५ ला बंद झाले पण उधारी राहिली, तिथेही वेगळं झालेल्यांना सहसा निम्मं निम्मं मागतात. आणि इन्कम सपोर्टसारखं जुनं बेनिफिट असेल तर चक्क आनंदाची गोष्ट, कारण तिथे साधारणपणे ज्याने माहिती लपवली किंवा चुकीची दिली त्याच्याकडूनच वसुली, आणि जे माहीतच नव्हतं ते सांगितलं नाही असं तुम्हाला म्हणता येत नाही.

मैत्रिणीने शेवटी दोन पत्रं केली. पहिल्यात फक्त तक्ता आणि तारखा, दुसरं एक पानी. सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये (मोफत सल्ला देणारी संस्था) फुकट तपासून घेतली, पहिलं जर्नलमध्ये (युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन अकाउंटमधलं निरोपांचं पान) अपलोड करून स्क्रीनशॉट काढला. दुसरं अजून ड्रॉवरमध्ये आहे, पहिल्याच्या उत्तराची वाट बघत.