लॅम्डा की कायम चालू कंटेनर?

मायक्रोसर्व्हिस (मोठ्या अ‍ॅपचा स्वतंत्रपणे चालणारा छोटा भाग) कशावर चालवायची हे ठरवण्याआधी ट्रॅफिकचा, म्हणजे रिक्वेस्ट कधी आणि किती येतात याचा, आलेख बघावा, असं माझं ठाम मत आहे.

लॅम्डा ही ॲमेझॉनच्या क्लाउडची (AWS) सेवा, रिक्वेस्ट आली की तेवढ्यापुरता तुमचा कोड (फंक्शन) चालवणारी. तिच्याकडे बराच वेळ कुणी फिरकलं नाही, की पुढच्या रिक्वेस्टला कोल्ड स्टार्ट भोवतो: कोड उतरवणं, रनटाइम (कोड चालवणारी यंत्रणा) उठवणं, लायब्रऱ्या लोड करणं. जावामध्ये हा उशीर सहज जाणवतो. नेहमीच्या लॅम्डात एक इन्स्टन्स (फंक्शनची एक चालू प्रत) एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो, त्यामुळे अचानक गर्दी झाली की कोल्ड स्टार्टही घोळक्याने येतात. त्यात एका सेवेने दुसरीला, दुसरीने तिसरीला बोलावलं, की उशीर साचत जातो आणि ताटकळणाऱ्या पहिल्या फंक्शनचं बिलही चालूच राहतं. हे मला फार खटकतं. मेमरी मात्र जरूर वाढवून बघा. सीपीयू तिच्याच प्रमाणात मिळतो. १,७६९ एमबीला एक पूर्ण व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर). काम लवकर उरकलं तर खर्च वाढेलच असं नाही.

कंटेनर म्हणजे कोड आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं. कायम चालू ठेवलेला कंटेनर तयारच असतो, डेटाबेसची कनेक्शन्स धरून ठेवतो, एकाच वेळी अनेक रिक्वेस्ट घेतो. पण रिकामा बसला तरी पैसे खातो.

पेमेंटच्या वाटेवरची सेवा मी कंटेनरमध्येच ठेवीन. फोटो लहान करण्यासारखं तुरळक काम खुशाल लॅम्डाकडे द्यावं, फक्त ते १५ मिनिटांत संपायला हवं.