डायलिसिस: केंद्रात जाऊन की घरच्या घरी?

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर नव्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण शक्य असेल तर तोच मार्ग उत्तम, हे येथे गृहीत धरले आहे. मात्र दाता मिळेपर्यंत, किंवा प्रत्यारोपण होण्यासारखे नसेल तर, बहुतेकांपुढे हिमोडायलिसिस, म्हणजे केंद्रात जाऊन यंत्राने रक्त शुद्ध करून घेणे, आणि पेरिटोनियल, म्हणजे घरी करता येणारे पोटाचे डायलिसिस, असे दोन पर्याय येतात. मी आधी पहिला पर्याय घेतला आणि आता दुसऱ्यावर आहे. माझा कल पुढे दिसेलच. तो प्रत्येकाला लागू पडेल असा माझा दावा नाही.

हिमोडायलिसिसचा मोठा गुण असा, की सारा भार प्रशिक्षित माणसांवर असतो. आठवड्यातून 3 वेळा साधारण 4 तास द्यावे लागतात, पण मधल्या दिवशी उपचारांतून सुटका असते. हात थरथरणाऱ्या, दृष्टी अधू झालेल्या किंवा घरी मदतीला कोणी नसलेल्या रुग्णांसाठी ही सोय लहान नाही. पोटावर पूर्वी मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्यांना तर पोटाचे डायलिसिस अनेकदा करताच येत नाही.

सुयांची मला सवय झाली, थकवाही अंगवळणी पडला. जेरीस आणले ते तहानेने. आठवड्यात 3 पाळ्या असल्या की एकदा सलग 2 दिवस रिकामे जातात, आणि लघवी जवळजवळ थांबलेली असली की प्यालेला घोटन्‌घोट अंगात साठत राहतो. त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीभ टाळूला चिकटायची, मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसायचे, आणि तरीही पाणी मोजूनच प्यावे लागायचे. पुढच्या पाळीत ते सारे पाणी काही तासांत काढताना रक्तदाब उतरायचा आणि पोटऱ्यांत गोळे यायचे. हृदयाच्या दृष्टीनेही हाच लांबलेला खंड अधिक जोखमीचा मानला जातो, हे कळल्यावर मी दुसऱ्या पर्यायाचा गंभीरपणे विचार करू लागलो.

पोटाच्या डायलिसिसमध्ये नळीवाटे साधारण 2 लिटर द्रावण पोटात सोडतात, काही तासांनी ते काढून नवे भरतात. हाताने केल्यास हे बहुधा दिवसातून 4 वेळा करावे लागते. द्रावण आपोआप भरणारे-काढणारे सायकलर यंत्र असेल तर बरेचसे काम रात्री झोपेत उरकते. पाणी रोज थोडे थोडे निघत असल्यामुळे तहानेची ती ओढाताण माझ्यापुरती तरी संपली. पाण्यावर मर्यादा आजही आहे, पण ती पाळता येते. पोटॅशियमचे पथ्य पुष्कळांना सैल करता येते, आणि मूत्रपिंडांचे उरलेसुरले काम सहसा अधिक काळ टिकते.

याची किंमत म्हणजे सुट्टीचा एकही दिवस नाही. दर वेळी हात नीट धुवायचे, मास्क लावायचा, पंखा बंद करायचा. द्रावणाच्या खोक्यांना घरात जागा करायची. द्रावणातल्या साखरेमुळे वजन वाढू शकते, मधुमेह असल्यास औषधांचे प्रमाण बदलावे लागते, आणि प्रथिने बाहेर जात असल्याने ती आहारातून भरून काढावी लागतात. खरी भीती पोटातल्या जंतुसंसर्गाची. म्हणून बाहेर आलेल्या द्रावणाची पिशवी मी दर वेळी छापील कागदावर ठेवून पाहतो; खालची अक्षरे स्पष्ट वाचता आली तर ठीक, द्रावण गढूळ दिसले किंवा पोट दुखू लागले तर पिशवी न फेकता लगेच डॉक्टरांना कळवायचे.

आयुर्मानाच्या दृष्टीने दोन्ही पद्धती साधारण तुल्यबळ समजल्या जातात, त्यामुळे निवड करताना आपल्याला कोणता जाच सोसवेल हे पाहणे गैर नाही. स्वच्छतेची शिस्त रोज पाळता येत असेल आणि लघवी अजून थोडीफार होत असेल, तर पोटाच्या डायलिसिसची चौकशी आधी करावी, असे मी सुचवेन. अर्थात ज्यातून रक्तातली घाण द्रावणात उतरते तो पोटातला पडदा काही वर्षांनी क्षीण होऊ शकतो आणि तेव्हा हिमोडायलिसिसकडे वळावे लागते. त्यासाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेने जोडून केलेला फिस्टुला लागतो; तो तयार व्हायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात, म्हणून ज्या हातावर तो करायचा ठरेल, त्या हातातून आजपासूनच रक्त काढू देऊ नये आणि सलाइनही लावू देऊ नये.