भाड्याचं जुनं घर: आधी फरशी, दार की भिंत?

दादरच्या एका जुन्या इमारतीत आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा जमिनीवर तपकिरी व्हिनाइल (चिकटवलेलं प्लॅस्टिकचं आच्छादन) होतं, सागवानी दारांवर ऑइलपेंटचे थर होते आणि चुन्याच्या भिंतींवर प्लॅस्टिक पेंट. तिन्हींच्या खाली मूळचं सुंदर घर दडलेलं होतं. पैसे आणि रविवार मात्र मोजकेच. तुम्हीही अशाच पेचात असाल तर माझं मत आधीच सांगते: पहिला हात फरशीला लावा.

व्हिनाइलचा कोपरा उचलला तर खाली नक्षीच्या सिमेंट टाइल्स. मुंबईत भारत फ्लोअरिंग्जसारखी कंपनी 1922 पासून अशा टाइल्स बनवते आहे. त्या भट्टीत भाजत नाहीत, साच्यात दाबून घडवतात. नक्षीचा रंग वरच्या काही मिलिमीटर थरात असतो, त्यामुळे घासल्याने नक्षी पुसली जात नाही. मशीन पॉलिशने एका दिवसात चमक येते, पण हाच थर झिजतो, गाळ घरभर पसरतो आणि पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या छतात उतरायची भीती असते. हाताने करायला आम्हाला तीन रविवार लागले. पत्र्याने गोंद हळूहळू खरवडला आणि साबणाच्या कोमट पाण्याने फरशी घासली. आरशासारखी चमक आली नाही, तरी मला हीच पद्धत पसंत आहे. अ‍ॅसिड मात्र चुकूनही वापरू नका, ते सिमेंट खातं. तुमच्याकडे शहाबादी निघाली तरी हेच, कारण तो चुनखडीचा दगड आहे.

मालक काकांना आधी फोटो दाखवला होता. त्यांनी माळ्यावरून जुन्या सहा टाइल्स काढून दिल्या. फुटलेल्या दोन बदलल्या, चार अजून माळ्यावर आहेत.

दारांचं काम जास्त जपून करायचं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत 90 पेक्षा जास्त नसावं, हा नियम देशात 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, असंच धरून चाला. कोरडा पॉलिश पेपर सगळ्यांत स्वस्त, पण ती धूळ श्वासात जाते. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तो विचारच सोडा. हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, रंग पटकन सुटतो, पण फार तापला तर शिशाची वाफ होते आणि शेजारची काच तडकू शकते. पेंट रिमूव्हर महाग आणि वेळखाऊ. तरीही हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून मी तोच वापरेन, आणि तोही फक्त मुख्य दारावर. नंतर जवसाचं तेल लावलंत तर तेलात भिजलेली फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

पागडीचे (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर कायम राहणारे) भाडेकरू असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 तुमच्या बाजूने थोडा उभा आहे. मालक आवश्यक दुरुस्ती करत नसेल तर किमान 15 दिवसांची नोटीस देऊन ती स्वतः करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण हे गळती-पडझडीसाठी आहे, सागवान उघडं करण्यासाठी नाही. आणि लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलंत तर घर खाली करावं लागू शकतं. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी मालकाला विचारून फरशी उघडी करावी, दाराचा खर्च मालक वाटून घेणार असेल तरच दार, आणि तिथेच थांबावं.

भिंतींना आम्ही हात लावला नाही. चुन्याच्या भिंतीतली ओल प्लॅस्टिक पेंटखाली अडकते आणि पोपडे धरतात, हे खरं. पण सगळा रंग खरवडायचा म्हणजे महिनाभर धुळीत राहणं. फक्त पोपडे सुटलेला भाग खरवडून तिथे चुना लावायचा असेल, तर पावसाळा संपून भिंत नीट सुकू द्या.